बाळाचं वजन पोटात असतानाच कसं सांभाळायचं: पहिल्या नोंदणीपासून जन्मानंतरच्या वजनकाट्यापर्यंत

जन्मलेल्या बाळाचं वजन २५०० ग्रॅमच्या खाली असलं की ते कमी वजनाचं बाळ. १५०० ग्रॅमच्या खाली धोका बराच वाढतो आणि १००० च्या खाली तो आणखी वेगळ्या पातळीवर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशात वजन झालेल्या बाळांपैकी साधारण १८ टक्के बाळं अडीच किलोच्या आत होती.

घरात हा विषय निघतो आठव्या महिन्यात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "वजन कमी" दिसतं आणि मग डॉक्टरांना विचारलं जातं, "वजन वाढायला काही देता येईल का?" तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. बाळाचं वजन वाढवणारं असं एक औषध नाही. कार्डावर चार तपासण्यांच्या तारखा पडल्या म्हणूनही ग्रॅमभर वजन वाढत नाही. भेटीत नेमकं काय मोजलं, ते मागच्या आकड्याशी ताडून पाहिलं का आणि कमी दिसल्यावर त्याच आठवड्यात काय केलं, यावर सगळं अवलंबून असतं. नाशिक जिल्ह्यात, शहरात असो की सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर, हे काम पायरीपायरीने कसं करायचं ते पुढे दिलं आहे.

आधी कारण वेगळं करा

बाळ हलकं असण्याची दोन मुख्य कारणं आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एक, ते ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलं. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत पोटातलं बाळ आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅमने भरतं. तेव्हा तीन आठवडे आधी बाहेर आलं तर अर्धा किलो तिथेच गेला. दुसरं, दिवस पुरे भरले पण वाढ खुंटली. यात बहुतेक वेळा वारेतून (प्लासेंटातून) बाळाला होणारा पुरवठा कमी पडलेला असतो. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास हे काम बहुतांशी उरकतं. त्या वाहिन्या अरुंदच राहिल्या तर पुढे आईचा रक्तदाब चढतो, बाळाची वाढ मंदावते, कधी दोन्ही होतं. म्हणून पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात येणारी बाई उशिरा आलेली असते, पोट दिसत नसलं तरी.

तिसरा प्रकारही लक्षात ठेवावा. आई-वडील दोघंही अंगाने लहान, बाळ २४०० ग्रॅमचं पण दर भेटीत आपल्या गतीने वाढणारं आणि निरोगी. अशा बाळाची उगाच धास्ती घेऊन लवकर प्रसूती करू नये. हे ओळखायचं तर एक मोजमाप पुरत नाही. किमान दोन लागतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

१२ आठवड्यांच्या आत नोंदणी, आणि तारीख पक्की

पाळी चुकून आठवडा-दीड आठवडा झाला की आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात लघवीची चाचणी होते. चाचणी आली की लगेच नोंदणी करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही रीत शेजारीपाजाऱ्यांपुरती ठेवली तर हरकत नाही. आरोग्यसेविकेला त्यातून वगळा.

तारखेचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. ५ जूनला पाळी आली असेल तर अंदाजे तारीख १२ मार्च. पाळीची तारीख आठवत नसेल तर "दोन महिने झाले असतील" असं लिहून मोकळं होऊ नये. पोळ्याच्या आधी की नंतर, वणीच्या यात्रेला गेला होतात तेव्हा पाळी होती का, बाजाराचा वार कोणता होता, असं कॅलेंडर समोर धरून विचारलं की बहुतेक बायकांना चार-पाच दिवसांच्या फरकाने तारीख सांगता येते. तरी शंका असेल, पाळी अनियमित असेल किंवा अंगावर पाजत असतानाच दिवस गेले असतील, तर ११ ते १३ आठवड्यांदरम्यान सोनोग्राफी करून घ्यावी. त्या वेळी बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांहून जास्त चुकत नाही. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख मात्र तीन आठवड्यांनीही चुकू शकते.

यावर इतका भर देण्याचं कारण असं की तारीख चुकली तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं. ३२ आठवड्यांचं चांगलं बाळ ३५ आठवड्यांचं समजून "वाढ खुंटली" म्हणून बाहेर काढलं जातं, किंवा खरंच खुंटलेलं बाळ "दिवस कमी असतील" म्हणून तसंच राहतं. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शेवटपर्यंत जपून ठेवावा. नंतरच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली तरी ती बदलायची नाही.

पहिल्या भेटीत न विसरता

उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीची तपासणी, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या तर होतातच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखरही पाहतात. ती १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्यांदा साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा पाहायची असते. आदिवासी तालुक्यांतल्या बायकांची सिकलसेलची तपासणी इथेच व्हावी, कारण त्या आजाराचा रक्तक्षय नुसत्या लोहाच्या गोळीने जात नाही आणि त्यात बाळाच्या वाढीवर वेगळी नजर ठेवावी लागते.

मात्र वजनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती फुकट मिळते आणि नेमकी तीच बऱ्याचदा विचारायची राहून जाते: मागचं बाळ किती वजनाचं होतं, किती आठवड्यांचं होतं, रक्तदाब वाढला होता का, पोटात बाळ दगावलं होतं का. मागच्या खेपेला १८०० ग्रॅमचं बाळ झालं असेल तर या खेपेला ती जोखमीची माता आहे, बाकी सगळे रिपोर्ट कितीही चांगले असोत.

मागच्या वेळी रक्तदाबाचा त्रास झाला असेल, जुळं असेल, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर डॉक्टर कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करतात. तिचा खरा उपयोग १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर होतो. वारेचं काम चालू असतानाच ती हाताशी हवी. मागची प्रसूती फार लवकर झाली असेल तर १८ ते २४ आठवड्यांदरम्यान गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत मोजून घ्यावी. ती २५ मिलिमीटर किंवा कमी निघाली तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधाने अकाली प्रसूतीचा धोका कमी करता येतो. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनीच ठरवायच्या, पण इतिहास सांगायचं काम घरच्यांचं आहे.

आईचा वजनकाटा

साध्या अंगाची बाई नऊ महिन्यांत १० ते १२ किलोने वाढावी. पहिल्या तिमाहीत उलट्यांमुळे वजन स्थिर राहिलं किंवा किलोभर उतरलं तरी चालतं. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे महिन्याला दोन किलोच्या आसपास वाढ हवी. मुळात काटकुळी बाई असेल तर जास्त. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ४० किलो असेल तर तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १७.८ भरतो, तिने साडेबारा किलो तरी मिळवायला हवेत. आधीच स्थूल असलेल्या बाईला पाच ते नऊ किलो पुरतात.

दोन इशारे पाठ असावेत. चौथ्या महिन्यानंतर महिन्याभरात किलोभरही वाढ नाही, तर खाणं, उलट्या, ताप, कामाचा भार हे सगळं विचारून पाहायचं. महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढ झाली तर खूश व्हायचं नाही. आधी रक्तदाब, सूज, साखर आणि जुळं आहे का हे पाहायचं.

इथे चुका फार साध्या असतात. काटा शून्यावर आणलेला नसतो. एका भेटीत चप्पल आणि शालीसकट वजन होतं, दुसऱ्या भेटीत त्यांच्याशिवाय. गर्दीच्या दिवशी मागच्या आकड्यात दोन मिळवून लिहिलं जातं. वजन करताना काट्याचा आकडा स्वतः वाचा, आणि कार्डावर तोच लिहिला गेला का ते तिथेच पाहा. शक्यतो दर वेळी एकाच काट्यावर वजन करा.

ताटात नेमकं किती वाढवायचं

"दोन जिवांचं खा" म्हणजे दुप्पट खा असं नाही. भारतीय शिफारशीप्रमाणे रोजच्या जेवणात साधारण ३५० कॅलरी वाढवायच्या असतात. बाजरीची एक मध्यम भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि अर्धा कप दूध एवढ्यात त्या भरून निघतात. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त लागतात. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण सात, पेलाभर दुधात आठ असा हिशेब धरला तर तिसऱ्या तिमाहीची वाढ डाळ-अंडं-दुधातच बसते. अंडं चालत नसेल तर मटकी-हरभऱ्याची उसळ वाढवावी.

पश्चिम पट्ट्यातल्या घरांत नागली असतेच. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेव्हा ती टाकून पांढऱ्या पोळीकडे वळण्याचं काही कारण नाही. नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, शेवग्याचा पाला किंवा मेथी आणि वर लिंबू, असं जेवण प्रोटीन पावडरच्या कुठल्याही डब्यापेक्षा सरस आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या माता पोषण अभ्यासात ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खात-पीत होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली होती. नुसत्या एकूण कॅलरींशी तितका घट्ट संबंध दिसला नाही.

डब्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगायला हवं. प्रोटीन पावडरवर महिन्याला शेकडो रुपये घालवण्यात अर्थ नाही. कुपोषित मातांना समतोल जादा आहार दिला तर लहान बाळं जन्मण्याचं प्रमाण खाली येतं आणि जन्मवजन सरासरी ४० ग्रॅमच्या आसपास वाढतं. प्रथिनांचा भडिमार असलेल्या पूरक आहाराने मात्र वजन वाढल्याचं दिसलं नाही, उलट लहान बाळांचं प्रमाण वाढण्याची शक्यता दिसली. ४० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते अनेक बायकांचे सरासरी आहेत. मुळात अर्धपोटी राहणारीला फायदा जास्त, खात्यापित्या घरच्या बाईला जवळपास नाही.

घराघरांत अडतं ते दुसरीकडेच. सगळ्यांचं उरकल्यावर सून जेवायला बसते आणि भाजी संपलेली असते. अंगणवाडीतून आलेला घरपोच आहार लहान मुलांत वाटला जातो. "बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल" म्हणून सातव्या महिन्यानंतर मुद्दाम कमी वाढलं जातं. यावर उपदेशापेक्षा नेम लावलेला बरा: गरोदर बाईचं ताट पहिल्या पंगतीत, आणि सकाळी दहा व दुपारी चारला जादा खाणं. शेवटी छातीत जळजळ होऊन एका वेळी जेवण जात नाही, तेव्हा पाच-सहा वेळा थोडं-थोडं खावं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळणारं गरम चौरस जेवण तिथेच बसून जेवावं; घरी नेलं की त्याचे वाटे पडतात.

उपवास. नवरात्राचे नऊ दिवस किंवा मालेगावात रमजानचे रोजे, गरोदर बाईला दोन्हींतून सूट आहे हे घरातल्या मोठ्या माणसाने म्हणावं. ते डॉक्टरांनी म्हणण्यापेक्षा जास्त लागू पडतं. एखादी चतुर्थी धरायचीच असेल तर साबुदाण्यावर न राहता भगर, राजगिरा, शेंगदाणे, दूध आणि फळं घ्यावीत, पाणी भरपूर प्यावं.

रक्त आणि गोळ्या

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. पहिल्या तिमाहीत फक्त फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्तक्षय असेल तर रोज दोन. दुसऱ्या तिमाहीत जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं की लोह शोषलं जात नाही, आणि घरोघर नेमकं हेच होतं: सगळ्या गोळ्या एका तळहातावर, सकाळच्या चहाबरोबर. चहातलं टॅनिनही लोहाला आडवं येतं. असं वेळापत्रक लावा: कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या आणि एक संध्याकाळच्या खाण्यानंतर, लोहाची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. शौचाला काळी होते, ते चालायचंच. बद्धकोष्ठ झाला तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, गोळी बंद करू नका.

महिन्याभरानंतर हिमोग्लोबिन पुन्हा पाहायचं. गोळ्या खरोखर पोटात जात असतील तर ते निदान एकने वाढायला हवं. नाही वाढलं तर तीच चिठ्ठी पुढे चालवण्यात हशील नाही: उरलेली पाकिटं मोजा, सिकलसेल आणि थॅलेसेमिया पाहा, आणि दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सातच्या खाली असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे चांगलं लक्षण असतं. सहाव्या-सातव्या महिन्यात गोळ्या न घेताच ते १३.५ वर असेल तर रक्त पुरेसं पातळ झालेलं नसण्याची शक्यता असते. अशा वेळी रक्तदाब आणि बाळाची वाढ जास्त बारकाईने पाहावी.

रक्तदाब

पाच मिनिटं शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. जिना चढून आल्या-आल्या मोजलेला रक्तदाब धरू नये. १४०/९० किंवा जास्त आला तर चार तासांनी पुन्हा मोजावा आणि लघवीतली प्रथिनं पाहावीत. १६०/११० असेल तर थांबायचं नाही, त्याच क्षणी पुढे पाठवायचं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ ही लक्षणं "पित्त झालं असेल" म्हणून घालवू नयेत. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर जळजळ नसतानाही उपचार लागतो, कारण त्यातून अकाली कळा सुरू होऊ शकतात.

शेतातलं काम, मशेरी आणि चूल

पुण्याजवळच्या त्याच गावांत असंही दिसलं होतं की अंगमेहनत जास्त असलेल्या बायकांची बाळं लहान होती. नाशिकमध्ये याचं वेळापत्रक ठरलेलं आहे: द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, जानेवारीपासून द्राक्षांची काढणी आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात वाकून कांदा काढणं. सुरगाणा-पेठेतून दिंडोरी-निफाडकडे मजुरीला येणाऱ्या बाईची तारीख यांतल्या कुठल्या हंगामात येते ते पहिल्याच भेटीत पाहावं. काम पूर्ण सोडणं परवडत नसेल तर निवड करा: निवडणी आणि पॅकिंगचं बसून करायचं काम घ्या, वीस किलोची क्रेट उचलू नका, तासन्‌तास हात वर धरून चालणारी विरळणी सहाव्या महिन्यानंतर टाळा. फवारणी झालेल्या बागेत लगेच शिरू नये. दुपारी दोन तास आडवं पडणं आणि रात्रीची आठ तास झोप धरा. चोवीस तास अंथरुणाला खिळून राहिल्याने मात्र बाळाची वाढ होत नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" असंच उत्तर येतं, कारण मशेरी कुणी तंबाखूत धरत नाही. "दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूर नसलेला तंबाखू, त्यात मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. आहारातून जे मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त हे एका सवयीने जातं. मशेरी सोडायला पैसे लागत नाहीत, म्हणून गोळ्यांच्याही आधी ती सोडवायला बसावं. सकाळची पहिली वेळ सर्वांत कठीण. तेव्हा साधी दंतमंजन पावडर, बडीशेप किंवा लवंग हाताशी ठेवावी. सासूबाईही लावत असतील तर दोघींनी मिळून सोडलेली टिकते. चुलीचा धूर आणि नवऱ्याची घरातली विडी यांचाही वजनावर परिणाम दिसतो. गॅसची टाकी संपून चूल पेटवावी लागलीच तर स्वयंपाक अंगणात करा.

पोटाची उंची आणि सोनोग्राफी

२४ आठवड्यांनंतर दर भेटीत टेपने पोट मोजायला हवं. लघवी करून यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयाने मोजमाप दोन-तीन सेंटिमीटरने फुगतं. उताणं झोपवून, पाय सरळ ठेवून, जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत टेप धरायची, आकड्यांची बाजू खाली ठेवून, म्हणजे अपेक्षित आकड्याकडे हात ओढला जात नाही. सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात. दोन-तीनचा फरक चालतो. ३० आठवड्यांना २६ सेंटिमीटर भरलं, किंवा दोन भेटींत उंची हललीच नाही, तर सोनोग्राफी करावी.

त्या रिपोर्टवर घरचे फक्त एकूण वजन पाहतात. त्या अंदाजात दहा टक्क्यांपर्यंत चूक सहज असते. आधी पाहायचं ते पोटाच्या घेराकडे. उपासमार सुरू झाली की बाळ डोक्याकडचा रक्तपुरवठा राखतं आणि यकृतातला साठा वापरतं. डोकं वाढत राहतं, पोटाचा घेर मागे पडतो. दोन सोनोग्राफ्यांत किमान दोन, शक्यतो तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं. दर आठवड्याला वजन पाहून फक्त घबराट वाढते. वाढ मंदावलेली दिसली तर डॉपलर: नाळेतल्या रक्तप्रवाहावरून वारेची अवस्था कळते.

२८ आठवड्यांनंतर रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजावी. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. जोखमीच्या मातांनी ती चुकवू नये.

सातव्या महिन्यातली गळती

ओटीभरण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. म्हणजे २८ ते ३४ आठवडे, नेमका वाढ मोजण्याचा काळ, दोन गावांच्या मध्ये हरवतो. सिन्नरची आशाताई समजते ती येवल्याला गेली, येवल्याची म्हणते नोंदणी इथली नाही. निघण्याच्या आठवड्यातच तपासणी करून घ्या आणि कार्ड, पहिली सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, उरलेल्या गोळ्या एकाच पिशवीत घाला. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आरोग्यसेविकेला कार्ड दाखवा. नोंदणी क्रमांक तोच चालतो. पहिल्या भेटीत नव्या काट्यावरचं वजन लिहून पुढची तुलना त्याच्याशी करा.

वाढ खुंटली असं ठरल्यावर

अमिनो आम्लांच्या सलाईन आणि पुड्यांनी खुंटलेली वाढ भरून निघते याचा खात्रीचा पुरावा नाही. रक्तवाहिन्या रुंद करणारं सिल्डेनाफिल हे औषध देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही आणि नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये नवजात बाळांना अपाय दिसल्याने थांबवावी लागली. इथून पुढे प्रश्न वजन वाढवण्याचा राहत नाही. बाळ कधी आणि कुठे जन्माला यावं, हे ठरवायचं असतं. डॉपलर ठीक असेल तर साधारण ३७ आठवड्यांपर्यंत किंवा थोडं पुढे थांबता येतं. नाळेतला प्रवाह अधूनमधून थांबत असेल तर आधीच.

३४ आठवड्यांच्या आत प्रसूतीची चिन्हं असतील तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळायला हवीत: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात. आणि अशा आईने नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणीच बाळंत व्हावं, म्हणजे नाशिकचं जिल्हा रुग्णालय किंवा तशी सोय असलेलं जवळचं रुग्णालय. दीड किलोचं बाळ रात्री सावळघाटातून रुग्णवाहिकेने आणण्यापेक्षा ते आईच्या पोटात असताना आणणं केव्हाही सुरक्षित. तारीख जवळ आली की आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांतल्या माहेरघरात आधीच राहायला जाता येतं. जाण्यायेण्याची गाडी, औषधं, रक्त आणि सिझेरियन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

जन्मानंतरचा काटा

वजन पहिल्या तासात, पण बाळ कोरडं करून आईच्या छातीशी लावल्यानंतर. डिजिटल काट्यावर फडकं ठेवून शून्य करायचं, मग उघडं बाळ. आकडा ग्रॅममध्ये, जसा दिसतो तसा. २४४० चं "अडीच" करणारे कमी नाहीत, आणि त्या साठ ग्रॅममध्ये ते बाळ कमी वजनाच्या यादीतून निसटतं: आशाताईंच्या जादा फेऱ्या नाहीत, छातीशी धरून ऊब देण्याबद्दल कुणी सांगत नाही.

१८०० ग्रॅमच्या खालच्या बाळाला नवजात कक्षात ठेवतात. १८०० ते २५०० मधलं, दूध ओढणारं बाळ आईजवळच राहतं, मात्र दिवसाचे जास्तीत जास्त तास कांगारूसारखं छातीला कातडीशी कातडी लावून, डोक्याला टोपी, पायात मोजे. अंघोळ नाही, तेल-मालिश करणाऱ्या बाईलाही काही दिवस थांबायला सांगा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत परत यायला हवं.

घरी जाण्याआधी कार्डावर दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्या: वजन ग्रॅममध्ये आणि जन्माच्या वेळचे पूर्ण झालेले आठवडे. नुसतं "२१०० ग्रॅम" लिहिलेलं असेल तर ते बाळ ३४ आठवड्यांचं होतं की ३९ चं, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना कळत नाही. पुढचे दिवस किमान दोन वर्षांनी जावेत, तोवर आईचं लोह आणि वजन भरून येतं. त्यासाठी तांबी हवी की गोळ्या की इंजेक्शन, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.